दिव्यातले तेल

दिवाळीत दिव्याचे कौतुक सगळेच करतात; तेलाचे कोणी करीत नाही. पणती घडवणाऱ्या कुंभाराची निदान बाजारात आठवण होते, वात वळताना आजीची आठवण होते, आणि ज्योतीला तर कवींनी डोक्यावर घेऊन ठेवले आहे. तेल बिचारे पणतीच्या बुडाशी मुकाट्याने कमी होत असते. मग वात फडफडू लागते आणि घरातली वडील बाई आतून ओरडते, "अगं, तेल घाल ना कोणीतरी!" तेलाची आठवण व्हायची ती अशी, ते संपल्यावर.

मी ख्रिस्ती माणूस. जन्म अकोल्याचा, आणि पोटापाण्याचा सारा काळ अमरावतीत गेलेला. दिवाळीला शेजारघरून आमच्याकडे फराळाची ताटे येतात, आणि नाताळात तीच ताटे करंज्या आणि केक घेऊन परत जातात. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, हा वऱ्हाडचा नियम सगळ्या धर्मांनी सारख्याच इमानाने पाळला आहे. म्हणून दिवाळी अंकात ख्रिस्ती माणसाने काय लिहावे, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या शुभवर्तमानातही दिव्यांची एक रात्र आहे; आणि गंमत अशी, की तिथली सारी हकीकत तेलाभोवतीच फिरते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात ती आहे. लग्नघरच्या दहा कुमारी दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या निघाल्या. त्यांतल्या पाच शहाण्या होत्या, पाच मूर्ख. शहाण्यांनी दिव्याबरोबर भांड्यात जास्तीचे तेल घेतले होते. मूर्खांनी फक्त दिवे. नवरदेवाला उशीर झाला. (वरातीला उशीर होणे हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे!) वाट पाहता पाहता दहाही जणी पेंगल्या आणि झोपी गेल्या. मध्यरात्री हाक आली. सगळ्या उठून दिवे सारखे करू लागल्या, तो पाचजणींचे दिवे विझायला आलेले. त्यांनी दुसऱ्यांकडे तेल मागितले. शहाण्यांनी नकार दिला; दोघींनाही पुरणार नाही, तुम्ही दुकानातून आणा, म्हणाल्या. त्या तेल आणायला गेल्या आणि तेवढ्यात नवरदेव आला. दार लागले ते लागले.

प्रभूने हा दृष्टांत सांगितला तो, येणाऱ्या दिवसासाठी तयार कसे असावे हे समजावण्यासाठी. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. झोपल्या त्या दहाही जणी. शहाण्यांनाही झोप आलीच. तेव्हा तयार असणे म्हणजे रात्रभर डोळे ताणून, धास्तावून बसणे नव्हे. ज्याच्या भांड्यात तेल आहे, त्याने खुशाल झोपावे.

हल्ली काळ मोठा अनिश्चित आला आहे, असे जो तो म्हणतो. पण वऱ्हाडच्या माणसाने हे म्हणताना जरा मागे वळून पाहावे. आमच्याकडे काळ निश्चित होता तरी कधी? 1899 साली पाऊस गेला आणि 1900 साली वऱ्हाडात माणसे अन् जनावरे अन्नावाचून मेली. 1918 साली पुन्हा पावसाने दगा दिला, आणि त्याच्याच पाठीवर इन्फ्ल्युएन्झाची साथ आली. साऱ्या हिंदुस्थानात ज्या प्रांतांना तिने सर्वांत जास्त झोडपले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. 2006 साली कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली. पंतप्रधान स्वतः विदर्भात येऊन गेले, आणि आमच्या अमरावती-अकोल्यासह 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. आणि 2021 चा फेब्रुवारी तर अजून कोणी विसरलेले नाही. महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट आधी दिसली ती आमच्याच भागात.

अशा काळात माणूस दोन प्रकारे तयारीला लागतो. पहिला प्रकार तारखा मोजण्याचा. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली. हजारो माणसे वाट पाहत बसली, आणि 23 तारखेचा सूर्य नेहमीसारखा उगवला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी तिथल्याच हॅरल्ड कॅम्पिंग या गृहस्थाने 21 मे 2011 ही तारीख दिली. तीही आली आणि गेली. वास्तविक, तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही, असे प्रभूने स्वच्छ सांगून ठेवले आहे. पण माणसाला आज्ञा पाळण्यापेक्षा कोडे सोडवणे आवडते. थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही लोक 'आता शेवट आलाच आहे' म्हणून कामधंदा सोडून बसले होते. त्यांना संत पौलाने चांगलेच खडसावले आहे.

दुसरा प्रकार साठवणुकीचा. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी 1999 च्या अखेरीस घरात चार पोती तांदूळ, मेणबत्त्यांची खोकी आणि रॉकेलचे डबे भरून ठेवले होते. शतक उलटताना जगाचे यंत्र बंद पडणार, याविषयी त्यांची खात्री होती. जग चालूच राहिले. तांदळाला मात्र सोंडे लागले. माझी आत्या त्यांना म्हणाली, "भाऊ, हे आता कोनाले तरी खाऊ घाला. नाही तं येनाऱ्या दिवसासाठी सोंडेच तयार होतीन!" ते गृहस्थ मनापासून हसले, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी पोती बाहेर निघाली.

ही आत्या अकोल्याला एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. सेवानिवृत्त झाल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहत असे. तयारी म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा तिच्या घरात अधिक कळले. तिची तयारी अगदी सकाळच्या झाडलोटीसारखी चाले. कोणाच्या लक्षातही येऊ नये अशी.

तिचा पहिला नेम, भांडण रात्रीवर जाऊ द्यायचे नाही. नळावर शेजारणीशी वाजले, तर रात्री नऊ वाजता हातात बॅटरी घेऊन ती तिच्या दारात उभी राही. "माह्या तोंडून जास्त निंगालं. मनात ठेवू नको," एवढेच बोलून परत येई. चूक आपली किती अन् तिची किती, याची मोजदाद ती करीत नसे. दुसरा नेम शनिवारचा. दर शनिवारी एका तरी आजाऱ्याला भेटायचे. पिशवीत थर्मामीटर, दोन लिंबे आणि 'उपासना संगीत'चे झिजलेले पुस्तक असे. आजारी माणूस ख्रिस्ती नसला, तर पुस्तक पिशवीतच राही. लिंबे बाहेर निघत.

तिसऱ्या नेमाची आम्ही सारे थट्टा करीत असू. तिच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी होती. तीत एक पांढरे लुगडे, गीतांचे आकडे लिहिलेली एक चिठ्ठी आणि एक पाकीट. पाकिटात तिच्या शवपेटीचे आणि कबर खणणाराचे पैसे. दर नव्या वर्षी ती पाकिटात थोडी भर घाली, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, "सुतार काही दरवर्सी तोच भाव ठेवत नाही." हे काय अभद्र चालवले आहेस, असे मी एकदा तिला म्हटले. तिने पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "अभद्र कायचं, बाबू? सामान बांधलेलं असलं म्हनजे मानूस फलाटावर निवांत बसते."

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. पाऊस कधी येणार हे त्याला कोणी सांगत नाही. तरी उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, तो वखरणी करतो, धसकटे वेचतो, बांध नीट करतो. काहीजण तर कोरड्या मातीत धूळपेरणी करून मोकळे होतात. आभाळाकडे तोही पाहतो. पण हात मातीत चालू ठेवून पाहतो. मृग आल्यावर वखर शोधू लागणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते इथे छापण्यासारखे नाही!

पण या दृष्टांतात एक काटा आहे, आणि तो मला टोचला 2006 साली. आत्याच्या अंगणात त्या दिवशी भगिनी मंडळ भरले होते. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, आणि त्यांनी दहा कुमारींचे विवेचन फार सुरेख केले. ऐकणाऱ्यांत मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली एक बाई होती. वय तिशीचे, दोन लहान मुले. पाच एकर पऱ्हाटी, दोन वर्षे हातात काही नाही, डोक्यावर सावकाराचे कर्ज. नवरा फवारणीचे औषध पिऊन गेलेला. विवेचन संपल्यावर ती एकदम म्हणाली, "पर त्या शहान्या पोरीईनं तेल काऊन नाही देल्लं? आमच्या गावात बी कोनं नाही देल्लं."

अंगणात कोणी हालले नाही. प्रश्न साधा होता, आणि त्याच्यामागे एक मेलेला माणूस उभा होता. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, असे शिकवणाऱ्या धर्मात हाती तेल असून नाही म्हणणाऱ्या मुलींना शहाण्या कसे म्हणायचे? उपदेशकांनी उत्तर दिले. दृष्टांताची एकच बाजू पाहायची असते, प्रत्येक तपशिलाला अर्थ लावायचा नसतो, असे काहीतरी. ते चुकीचे होते असे नाही. पण ते त्या बाईपर्यंत पोचले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आत्या तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मले नाही ठाऊक. मी शनवारी येतो तुह्या घरी."

आणि ती गेली. एकाहत्तर वर्षांची बाई, एस.टी.ने, नंतर दोन मैल पायी. त्या शनिवारी गेली, पुढच्या शनिवारी गेली, आणि तिचे गुडघे साथ देत होते तोवर जात राहिली. मुलांच्या वह्या, सरकारी मदतीच्या कागदांची खटपट, एका पावसाळ्यात थोरल्याचा मलेरिया. सांगण्यासारखे मोठे काही घडले नाही. सारी कामे शनिवारच्या मापाचीच होती.

काही महिन्यांनी मी तिला विचारले, "आत्या, त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर सापडले का गं?" तिने पवित्र शास्त्र माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "प्रश्न एका पानावर हाय. पान उलट ना!"

मी पान उलटले. दृष्टांत संपतो तिथे अध्याय संपत नाही. त्याच अध्यायाच्या अखेरीस न्यायाचा दिवस आहे. तिथे राजा कोणालाही तारखा विचारीत नाही, की साठवण विचारीत नाही. भुकेल्याला जेवू घातले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच तो विचारतो. म्हणजे जे देता येण्यासारखे आहे, ते न देणाराला त्या अध्यायात जागाच नाही. मग ज्या तेलाला नकार मिळाला, ते अन्न नव्हे, पैसा नव्हे. ते असे काही आहे, की जे शेजारणीच्या भांड्यातून आपल्या भांड्यात ओतताच येत नाही. वीस वर्षांच्या प्रार्थनेची सवय मी तुम्हाला आज रात्री उसनी कशी देऊ? रोज रात्री क्षमा मागत गेलेल्या माणसाचे मऊ मन दुसऱ्याला कसे उसने मिळेल? त्या मुलींनी दिले नाही असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांना देता येत नव्हते. आणि हे तेल बनते कशाचे, तर जे देता येते ते रोज देत राहण्याचे. गावाने त्या बाईच्या नवऱ्याला नाकारले, ते मात्र देता येण्यासारखे होते. तिच्या प्रश्नातला हा अर्धा भाग तसाच उभा राहतो, आणि तो तसाच उभा राहिलेला बरा.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 1870 नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नान्न करीत गेले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, पुण्यात शारदा सदन चालवू लागल्या, आणि केडगावला त्यांनी जमीन घेतली. संस्थेला उत्पन्न व्हावे, एवढाच तेव्हा हेतू. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या मुलींना घेऊन आल्या. शेकडो मुलींना ठेवायला जागा होती, कारण केडगावची जमीन आधीच घेतलेली होती. ज्या रात्री हाक आली, त्या रात्री जमीन शोधायला जाऊन भागले नसते. आमच्या अकोल्याशीही या कामाचा धागा आहे. अकोल्यात राहून मिशनचे काम केलेल्या जेनी फुलर या अमेरिकन बाईंचे भारतीय स्त्रियांच्या दुःखांवरचे पुस्तक 1900 साली निघाले, त्याला रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच दुष्काळाच्या सुमारास अकोला-खामगाव भागातल्या मिशनने पोरक्या झालेल्या मुलांना आसरा दिला. वऱ्हाडातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास चार पिढ्यांमागे अशा एखाद्या भुकेल्या पोरापाशी जाऊन थांबतो. त्याच्या मागचे नाव, गाव, जात कोणाला सांगता येत नाही. आम्ही अनिश्चित काळाचीच लेकरे आहोत. त्याला भ्यायचे तरी किती?

2021 साली 22 फेब्रुवारीच्या संध्याकाळी अमरावती शहर बंद झाले. आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. पुढे एप्रिलमध्ये सगळ्या राज्यातच प्रार्थनास्थळांना कुलपे लागली. त्या दिवसांत कोणाच्या भांड्यात काय आहे, ते उघड झाले. उपासना म्हणजे रविवार, आणि रविवार म्हणजे चर्चची घंटा, एवढेच ज्यांचे होते, त्यांच्या हाती घंटा थांबल्यावर काही राहिले नाही. तीच माणसे भ्रमणध्वनीवर आलेल्या भलभलत्या भाकितांवर विश्वास ठेवू लागली. लशीतसुद्धा त्यांना सैतानाची खूण दिसू लागली. उलट, ज्या घरांत संध्याकाळी दिवा लावल्यावर चार ओळी वाचायची, एक गीत म्हणायची रीत होती, तिथे ती तशीच चालू राहिली. आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना पुष्कळ स्तोत्रे तोंडपाठ. दवाखान्यात पुस्तक नेता आले नाही, चष्माही घरी राहिला. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते रात्री स्तोत्रे म्हणून दाखवीत. लहानपणी रविवारच्या शाळेत एकेका पाठाला एकेक पेढा मिळत असे, म्हणून ती पाठ केली होती, असे घरी आल्यावर हसत सांगायचे.

आत्या गेली ती ईस्टरनंतरच्या आठवड्यात. करोनाने नव्हे, वयाने. अखेरचे नऊ दिवस तिच्याजवळ कोण होते, म्हणता? मूर्तिजापूरकडची तीच बाई. निरोप मिळताच मुलाच्या दुचाकीवर बसून आली आणि राहिली. नातेवाईक दारातून विचारपूस करून जात होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हा सारेच भ्यालेले होते. ही बाई मात्र आत होती. तिनेच खाटेखालची पेटी ओढली आणि आत्याला पांढरे लुगडे नेसवले.

अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती. आम्ही अकरा जमलो. पाकिटातले पैसे पुरले, वर थोडे उरले. उरतील ते खणणाऱ्याला द्यावेत, असे चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवलेले होते. कोणाकडे काही मागावे लागले नाही. परत निघताना मी त्या बाईला म्हटले, "ताई, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आत्यानं कधी दिलं का हो?" तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "उत्तर गेलं उडत, भाऊ. त्या येत होत्या ना दर शनवारी."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आम्ही ख्रिस्ती लोक प्रभूच्या येण्याची वाट पाहतो, हा आमच्या विश्वासाचा पायाच आहे. पण येणाऱ्याची वाट पाहण्याची रीत मला त्या शनिवारांत दिसते. ज्याला कोणीतरी यायचे आहे असे मनापासून वाटते, तो दुसऱ्याकडे जाणे थांबवीत नाही. काळाच्या भीतीने घराची दारे आतून लावून घ्यावीशी वाटू लागली, की समजावे, आपल्या दिव्याची वात फडफडू लागली आहे. मग ते दार ख्रिस्त्याचे असो, हिंदूचे असो की मुसलमानाचे.

आत्याची पत्र्याची पेटी आता अमरावतीला माझ्या खाटेखाली आहे. लुगड्याच्या जागी धोतर आले आहे, चिठ्ठीवरचे गीतांचे आकडे बदलले आहेत. घरातली मंडळी थट्टा करतात, करू देत. यंदाही नव्या वर्षी मी पाकिटात थोडी भर घातली. सुताराने भाव पुन्हा वाढवला आहे.